विषय : झाडे न लावणेबाबत

एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.
चव्वेचाळीस अंशांत भाजणाऱ्या ह्या गावात
झाड नको म्हणणारी बाई
कुणाला शहाणी वाटेल?

आवक-जावकच्या खिडकीत कारकुनानं अर्ज दोनदा वाचला.
"मॅडम, हा 'न' चुकून पडलाय का?"
"नाही," म्हटलं, "'न'साठीच आलोय."
माझ्यामागं नरसय्या चिलवेरी,
साच्यावरून थेट आलेला,
भुवयांवर कापसाची पांढरी भुरी.

सहा दिवस तो चादरीत मोर विणतो.
सातव्या दिवशी साखर पेठेतून सायकल काढतो,
नान्नजच्या अलीकडं माळावर पालथा पडतो
आणि जिवंत असेल ते मोजतो.
मोजतो तेलुगूत, लिहितो मराठीत.
लांडगी, दोन पिल्लं.
धाविक सात.
भोवत्या एक, नर, तारेच्या फार जवळून.
आणि बावीस वर्षांच्या सगळ्या वह्यांत
पहिला रकाना माळढोकचा.
तीन. तीन. दोन. एक.
मग शून्य.
मग दर रविवारी शून्य,
निळ्या शाईत, न कंटाळता.

रिकामाच ठेव की रकाना, मी एकदा म्हटलं होतं.
"अक्का, जाकार्डाचा पत्ता बघितलाय?
भोक असतं तिथं दोरा उठतो,
नसतं तिथं दबतो.
मोर दोन्हीनं होतो.
पण पत्ताच नाही लावला
तर चादर कोरी जाते.
कोरं म्हणजे सुन्ना नव्हे."

ह्याच माळाला कागदावर पडीक म्हणतात.
हरित पंधरवड्यासाठी जेसीबी आला,
अकराशे खड्डे, दोरी लावून, सरळ रांगेत.
कुसळी उपटली, पवन्या उपटला,
बाजूला सुबाभळीची रोपं, काळ्या पिशव्यांत,
आणि मंडप, आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके.

आम्ही अकरा जण खड्ड्यांत जाऊन बसलो.
घोषणा ठरल्याच नव्हत्या.
विडी कारखान्यातल्या दोघी सुपं घेऊनच आल्या होत्या,
खड्ड्यात बसून पानं कातरत राहिल्या.
मायाप्पा मेंढरं घेऊन आला,
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तीही बसली.
एक साहेब वाकून म्हणाले,
"तुम्ही पर्यावरणवाले ना? मग?"
त्या 'मग'ला माझ्याकडं एका वाक्यात उत्तर नव्हतं.

शाळेची रांग आली.
नई जिंदगीची अल्फिया, तिसरीतली,
रोप छातीशी धरून माझ्या खड्ड्याच्या काठाशी.
"ही माझी जागा आहे," ती म्हणाली.
तिचं खरंच होतं. खड्ड्याला नंबर होता.
तिला कसं सांगायचं
की झाड चांगलं असतं आणि इथं चांगलं नसतं,
की उघड्यावर राहणाऱ्याला
आडोसा म्हणजे कुणीतरी दबा धरलेला?
मी म्हटलं, हे तुझ्या दारात लाव.
"दारात नळ आहे," ती म्हणाली, विचार करून,
आणि रोप घेऊन परत गेली.
बाईंनी तिला ओरडलं. ते मला दिसलं.

जिंकलो म्हणता येणार नाही.
चारशे खड्ड्यांत सुबाभूळ लागली, ती वाढतेय.
बाकीचे तसेच उघडे.
पंधरा दिवसांनी उत्तर आलं,
सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही.
मी दुसऱ्या कार्यालयाला लिहिलं.

गेल्या रविवारी अल्फिया आली, अब्बांच्या लुनावर.
दुर्बीण आधी उलटी धरली, मग सरळ.
खूप वेळ.
"काय दिसतं?"
"गवत."
"अजून?"
"गवतच. पण हलतंय."
नरसय्यानं वही तिच्यापुढं सरकवली.
पहिल्या रकान्यात तिनं शून्य काढलं,
मोठंच, रेघेबाहेर गेलेलं,
अंडं काढावं तसं.
त्यानं ते खोडलं नाही.

मी नव्या अर्जाची पोच घडी करून त्याच पानात ठेवली.
आवक क्रमांक चारशे सतरा.
ऊन चढलं होतं,
आणि सायकलीत हवा कमी.